पुएर्तो विएहोला फक्त एक शनिवार-रविवार: एवढं लांब जाण्यात अर्थ आहे का?

वाघबीळची_मी

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी फेब्रुवारीत सहा आठवडे कोस्टा रिकाला चाललेय. मुक्काम हेरेडियात. कळवा जसं ठाण्याला चिकटलंय तसं हे गाव राजधानी सान होसेला चिकटलेलं आहे. प्रोजेक्ट लाइव्ह जायचाय, त्यामुळे सगळे शनिवार-रविवार आधीच ऑफिसच्या नावावर चढलेत. मधला एकच मोकळा आहे. त्या शुक्रवारी दुपारी एकला सोडतो असं मॅनेजरने तोंडी कबूल केलंय. लेखी देत नाही, पुण्याचा आहे.

तिकडची टीम म्हणते पॅसिफिकच्या बाजूला जाको गाठ, दोन तासांत किनारा. माझ्या मात्र कॅरिबियन बाजूचं पुएर्तो विएहो डोक्यात बसलंय. एकीच्या फोनवर फोटो बघितला होता: डांबरी रस्ता, रस्त्याला लागून समुद्र, झाडाला टेकवलेल्या सायकली आणि कोणालाही कुठेही जायची घाई नाही. मी रोज घोडबंदर रोडने येते-जाते, माझं काय झालं असेल समजून घ्या.

दोन रात्रींत ते गाव होईल का? पोहायला येतं, पण पालिकेच्या तलावातलं, तेही पाय टेकतात त्या बाजूला आत्मविश्वास जास्त. मग सर्फिंग शिकायचा विचार मूर्खपणाचा आहे का? मासे खाते, चिकन-मटण नाही. एकटीच असेन. आईला 'समुद्रावर जाणार आहे' एवढं सांगितलंय, कुठल्या ते नाही.

चरई_कटिंग

दोन दिवसांसाठी कॅरिबियन? अलिबागला जा की. तीन तासांत पोचशील. तेवढ्या वेळात संध्याकाळी तू कासारवडवलीसुद्धा ओलांडत नाहीस.

ऐरोली_सेक्टर_आठ

मी गेलेय. चार महिन्यांत तीनदा. २०१९ साली इनव्हॉइसचं काम तिकडच्या मुलांना शिकवायला पाठवलं होतं. वय तेव्हा एक्केचाळीस, सर्फिंग शून्य, सायकल शेवटची दहावीत चालवलेली. मी काय सांगते ते या हिशेबाने घे.

आधी एक गोष्ट. हेरेडिया नाही, एरेदिया. स्पॅनिशमध्ये 'ह' गिळतात आणि आपण जिथे 'ज' वाचू तिथे 'ह' म्हणतात. टॅक्सीवाल्याला हेरेडिया म्हणालीस तर तो प्रेमाने बघत राहतो, गाडी मात्र हलवत नाही.

जाको जवळ आहे हे खरं, आणि म्हणूनच शनिवारी अख्खं सान होसे तिथे असतं. पुएर्तो विएहो साधारण सव्वादोनशे किलोमीटर. बसने साडेचार-पाच तास धर. शुक्रवारी एकला खरंच सोडलं तर दुपारची बस मिळेल. शहर सोडलं की थोड्याच वेळात बोगदा लागतो आणि ब्राउलिओ कारिय्यो राष्ट्रीय उद्यानातून घाट उतरायला लागतो. धुकं, ओले कडे, कड्यावरून पाण्याच्या बारीक धारा, अगदी माळशेज. फक्त कडेच्या एका झुडपाची पानं एवढी मोठी की लोक त्याला 'गरिबाची छत्री' म्हणतात. खिडकी डाव्या बाजूची घे की उजव्या, फरक नाही, दोन्हीकडे धुकंच दिसतं.

माळशेजसारखी तिथे दरडही येते. तिसऱ्या वेळी रविवारी परत निघाले तर ३२ नंबरचा रस्ता बंद. बस तुरिआल्बाकडून वळवली, खोलीवर पहाटे दोनला पोचले. सोमवारी आठच्या मीटिंगमध्ये मी मान हलवली की टेबलावर वाळू पडत होती. म्हणून रविवारी दुपारनंतरची बस धरू नकोस.

गाव म्हणशील तर तलावपाळीला एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मुख्य रस्ता संपतो. खरी मजा पुढे. गावातून मान्सानियोपर्यंत तेराएक किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला झाडांमागे समुद्र, मध्ये मध्ये किनाऱ्याला जाणाऱ्या पायवाटा. कोक्लेस, चिकिता, पुंता उवा, मग मान्सानियो. यासाठी सायकल भाड्याने घ्यायची. आणि इथे नीट ऐक, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं: त्या सायकलींना हँडलला ब्रेक नसतो. पेडल उलटं मारलं की थांबते. हे मला कोक्लेसच्या वळणावर कळलं. समोर शहाळीवाला, मी दोन्ही हातांनी हवेत ब्रेक दाबतेय. शहाळी गडगडत रस्त्यावर. तो माणूस उठला, शहाळी गोळा केली, एक फोडून माझ्या हातात दिलं आणि पैसे फक्त त्याच एकाचे घेतले. आपल्याकडे नाक्यावर काय झालं असतं ते तुला माहीत आहे.

सर्फिंग. गावासमोरच साल्सा ब्रावा आहे, देशातली सगळ्यात दांडगी लाट म्हणून नाव कमावलेली. तिच्याकडे फक्त बघायचं. पाण्याखाली उथळ पोवळ्याचा खडक आहे, पडलीस की खवणीवर खोबरं. फेब्रुवारी म्हणजे तिचा ऐन हंगाम, डिसेंबर ते मार्च. किनाऱ्यावर आपलं ते साधं बदामाचं झाड असतं ना, शाळेच्या मैदानात असायचं ते, त्याच्या सावलीत बसून बघ. तासभर बसलीस तर एखाद्याची फळी मोडलेली दिसेल. मला दोन दिसल्या. मोडलेला तुकडा घेऊन पोरगा बाहेर येतो, दुसऱ्याची फळी मागून परत आत जातो.

शिकायला कोक्लेस. वाळूचा तळ, जीवरक्षक, झेंडे. मऊ फोमची लांबलचक फळी देतात, घोट्याला दोरी बांधतात, आणि तुला फुटून गेलेल्या लाटेच्या फेसात उभं करून शिकवणारा मागून ढकलतो. खोल जायचंच नसतं, कमरेएवढं पाणी. त्यामुळे तुझं तलावातलं पोहणं शिकवणाऱ्यासोबत पुरतं, एकटीने मात्र नाही. मी पहिल्या दिवशी पोटावर आले, दुसऱ्या खेपेला गुडघ्यावर. तिसऱ्या खेपेला उभी राहिले असं मी घरी सांगितलंय. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाल, नाहीतर फळीला लावलेल्या मेणाने पोट सोलून निघतं.

वेळेचं लक्षात ठेव. ते आपल्या साडेअकरा तास मागे. सकाळी आठला मी फोन करायचे तेव्हा ऐरोलीत संध्याकाळचे साडेसात, सासूबाईंची मालिका सुरू व्हायची वेळ. एकदा खोलीमागच्या झाडावर हाउलर माकडं ओरडत होती. त्यांचा आवाज माकडाचा वाटतच नाही, कोणीतरी रिकामं पिंप फरशीवरून ओढत असल्यासारखा येतो. सासूबाई म्हणाल्या, 'कसलं काम काढलंय ग तिकडे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा?'

आता जेवण, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

तिकडे छोट्या खानावळीला 'सोडा' म्हणतात. मी पहिल्या दिवशी पाटी वाचून आत गेले आणि लिंबू सोडा मागितला. असो. बाकी देशात सकाळी गायो पिंतो मिळतो, म्हणजे शिजलेला भात आणि बीन्स परतून. लिमोन प्रांतात, म्हणजे पुएर्तो विएहोच्या बाजूला, मात्र 'राइस अँड बीन्स', नाव इंग्रजीच, आणि तो नारळाच्या दुधात. कारण तिथली जुनी वस्ती जमैकाहून आलेली. १८७१ साली सान होसेपासून लिमोन बंदरापर्यंत रेल्वे बांधायला घेतली आणि पूर्ण व्हायला १८९० उजाडलं. घाट, पाऊस, हिवताप. मजूर जमैकाहून आणले, मग त्यांतले बरेच केळीच्या मळ्यांत राहिले ते कायमचे. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, त्यामुळे रेल्वे आली की गावात कोण कोण येऊन राहतं हे ठाण्यात कोणाला समजावायला नको. म्हातारी माणसं अजून आपापसात इंग्रजी बोलतात, पण ते आपल्या शाळेतलं इंग्रजी नव्हे. रस्त्यात 'वॉपिन' म्हणतात, म्हणजे काय चाललंय. मला वाटलं स्पॅनिश, मी 'ग्रासियास' म्हणजे धन्यवाद म्हणाले.

तर माझ्या खोलीच्या मालकीणबाई सत्तरीच्या होत्या, सगळे त्यांना 'मिस' लावून हाक मारायचे. राइस अँड बीन्स त्या रविवारीच करायच्या. आदल्या रात्री लाल बीन्स भिजत. सकाळी अंगणात बाकड्यावर बसून पत्र्याच्या किसणीवर दोन नारळ किसले, कोमट पाणी घालून मूठभर मूठभर पिळले. पहिलं दूध वेगळं, दुसरं वेगळं, अगदी माझी रत्नागिरीची आजी करायची तसं. बीन्स लसूण आणि थाइम नावाच्या वासाच्या पाल्याची काडी घालून शिजवले, त्यात दूध, त्यात तांदूळ. आणि पाणी आटत आलं की वरून एक अख्खी पिवळीजर्द गुबगुबीत मिरची, देठासकट, बाळाला पाळण्यात ठेवतात तशी अलगद ठेवली. चिले पानामेन्यो. ती फुटू द्यायची नाही. फक्त वास द्यायचा आणि झाकण काढल्यावर पहिली तिला बाहेर घ्यायची. त्या दिवशी भात होईपर्यंत त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत, नजर झाकणावर. मी म्हटलं आमच्याकडे नारळाच्या दुधात भात करतात तो गूळ घालून. त्यांनी तोंड असं केलं की मी विषय बदलला.

मागताना 'कोन पेस्कादो' म्हण, म्हणजे सोबत मासा येतो. काही बोलली नाहीस तर 'पोयो' येईल, ते चिकन. रोंदोन मिळालं तर सोड नको. मासा, कंदमुळं, कच्ची केळी, सगळं नारळाच्या रसात. नाव 'रन डाउन'वरून पडलंय. आणि आगुआ दे सापो, शब्दशः बेडकाचं पाणी, पण घाबरू नकोस: आलं, लिंबू आणि त्यांचा गूळ. पन्ह्याचा चुलतभाऊ.

एकटीचं म्हणशील तर दिवसा मला कुठेच भीती वाटली नाही. रात्री कोक्लेसकडून गावात यायचा रस्ता मिट्ट अंधाराचा आहे, तेव्हा सायकल नको, टॅक्सी. पाण्यात उतरताना पिशवी वाळूवर सोडायची नाही. आणि दोन दिवसांत चारही किनारे करायचे ठरवलेस तर एकही होणार नाही. माझी पहिली खेप तशीच वाया गेली, फोटो भरपूर, आठवत काही नाही.

दिवा_कोळीवाडा_निवृत्त

ताईंनी बरोबर लिहिलंय. मी ऐरोलीच्या दिवागावचा. बावीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली बरीच केळी नेणाऱ्या रीफर, म्हणजे थंड कोठाराच्या बोटींवर. लिमोनच्या शेजारी मोईन बंदर आहे, तिथे किती वेळा लागलो मोजलं नाही. हिरवी केळी चढवायची आणि तेरा-चौदा डिग्रीवर ठेवायची. त्याच्या खाली गेलं की साल काळी पडते, वर गेलं की वाटेत पिकतात आणि एक घड पिकला की बाकीच्यांना पिकवतो.

पोरी, तुला पाण्याचं सांगतो. आपल्या खाडीत उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं-उतरतं. आपण कोळी लोक भरती-सुकती विचारल्याशिवाय पाय उचलत नाही. मी पहिल्यांदा लिमोनला उतरलो तेव्हा सवयीने विचारलं भरती कधी. तो माणूस हसला. तिथे दिवसभरात पाणी दोन वीतही हलत नाही. त्याच देशाच्या दुसऱ्या अंगाला, पॅसिफिकला, चांगली भरती येते, इकडे नाही. त्यामुळे 'ओहोटीला सुरक्षित' वगैरे हिशेब तिथे चालत नाही.

चालते ती ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. किनाऱ्यावर उभी राहून बघ: दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी शांत पण गढूळ दिसतं, वर फेस आत सरकतोय. नवखा माणूस म्हणतो इथे बरं आहे, आणि तिथेच उतरतो. तीच ओढीची वाट. सापडलीस तर किनाऱ्याकडे हात मारू नको, दमशील. पाठीवर तरंग, हात वर कर, आणि जमेल तसं आडवं जा, किनाऱ्याला समांतर. पट्टा फार रुंद नसतो. लाल झेंडा असेल तर शहाळं पी आणि बस.

साल्सा ब्रावा का आदळते त्याचं कारण सोपं आहे. डिसेंबरपासून व्यापारी वारे जोर धरतात, उत्तरेकडून थंड हवेचे झोत येतात, त्यांनी उठवलेली लाट खोल पाण्यातून येते आणि मध्ये काही उतार नसताना एकदम पोवळ्याच्या ओट्यावर चढते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तेच पाणी तळ्यासारखं असतं. बाकी देशात तेव्हा धो धो पाऊस, इथे ऊन.

अजून एक. २२ एप्रिल १९९१ ला तिथे मोठा भूकंप झाला. पुढच्या वर्षी आमची बोट गेली तेव्हा लिमोनच्या काठाला पांढरंफटक मेलेलं पोवळं पाण्याच्या वर. जमीनच वर आली होती, लिमोनजवळ साधारण दीड मीटर. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सारखा म्हणत होता पाणी उतरलंय, पाणी उतरलंय. त्याला सांगून पटेना की पाणी तिथेच आहे.

वाघबीळची_मी

काका, ताई, दोघांचेही आभार. तुमची उत्तरं आईला वाचून दाखवली, ओढीचा परिच्छेद सोडून.

अजून दोन विचारते. रविवारी सकाळी काउइताचं राष्ट्रीय उद्यान करू की नको? आणि एक सहकारी म्हणतो शेवटच्या आठवड्यात सोमवारची रजा टाकून पनामात बोकास देल तोरोच्या बेटांवर जाऊ, पुएर्तो विएहोवरून सीमा जवळच आहे.

ऐरोली_सेक्टर_आठ

काउइता परतीच्या वाटेवरच आहे, म्हणून कर. गावाच्या बाजूने आत गेलीस तर तिकीट नाही, मनाला येईल ती देणगी. सरकारने परदेशी लोकांची फी वाढवली तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, त्यातून ही पद्धत आली. सपाट वाट, एका हाताला जंगल, एका हाताला समुद्र. स्लॉथ शोधायला मान वर करून चालू नकोस, जिथे चार माणसं थांबून वर बघतायत तिथे थांब. आणि खायचं काही नेऊ नकोस. मी हौसेने घरून आणलेल्या चकल्यांचा शेवटचा पुडा नेला होता. पांढऱ्या तोंडाच्या माकडाने पिशवीची चेन उघडली. फाडली नाही, उघडली. चकली तोडून आधी हुंगली, मग बाकीच्यांना न देता झाडावर गेला. येऊरची माकडं त्याच्यापुढे भाबडी.

बोकासला मात्र जपून. यलो फिव्हरचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पनामा आहे, कोस्टा रिका नाही. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत मुंबईत उतरलीस आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर वेगळं ठेवू शकतात. तुझा सहकारी म्हणतोय तो शेवटचा आठवडा, म्हणजे नेमकी अडकशील. जायचंच असेल तर निघायच्या आधी इथे लस घे, सहारला विमानतळाच्या आरोग्य विभागाकडे मिळते, आणि ती दहा दिवसांनी लागू धरतात. व्हिसाचं वेगळं बघ.

चरई_कटिंग

अलिबागला कार्ड लागत नाही.

वाघबीळची_मी

परत आले. कळवायचं राहून गेलं होतं.

मॅनेजरने एकला नाही, तीनला सोडलं, त्यामुळे घाट अंधारात गेला. बोकासला गेले नाही. शनिवारी सकाळी कोक्लेसला लाल झेंडा होता. काकांचं ऐकून शहाळं प्यायले आणि बसले. गढूळ पट्टा मला खरंच दिसला, आणि एक जोडपं नेमकं त्याच्यासमोर टॉवेल अंथरत होतं. जीवरक्षकाने शिट्टी मारून त्यांना बाजूला घेतलं. दुपारी झेंडा उतरवल्यावर तासभर शिकले. गुडघ्यावर दोनदा. उभी राहिले नाही, आणि घरीही तसं सांगितलेलं नाही.

सायकलचा ब्रेक उलटा आहे हे मला पाठ होतं. तरी पहिल्या उतारावर हात हवेतच दाबले. समोर शहाळीवाला नव्हता, कुंपण होतं.

त्यांचा गूळ आणलाय, वाटीच्या आकाराचा, दोन ढेपा. आई रोज त्याचा वास घेते आणि आपल्यापेक्षा चांगला आहे हे कबूल करत नाही. आता तिला राइस अँड बीन्स खायचाय. नारळ, राजमा आहे. थाइम आणि ती मिरची ठाण्यात कुठे मिळेल?

ऐरोली_सेक्टर_आठ

थाइम सुकी चालते, मोठ्या दुकानात बाटलीत असते. मिरचीसाठी मी लवंगी टाकून बघितली, नुसता तिखटपणा आला, तो फळासारखा वास नाही. भूत जोलोकिया त्याच जातकुळीतली आहे, ताजी मिळाली तर एक अख्खी ठेव आणि झाकण काढल्या काढल्या उचल. माझी एकदा उचलताना पळीवर फुटली. चारही खिडक्या उघडल्या, पंखा पाचवर, आणि शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं की कोणाची दृष्ट काढताय का.